वाढत्या मापाचं

माझी माय घरच्या मशीनवर जे शिवायची ते वाढत्या मापाचं. माझा झगा पहिल्या वर्षी जमीन झाडायचा आणि अंगाला बसेपर्यंत विटून जायचा. बाबांचे सदरेसुद्धा ती ऐसपैस शिवायची. ते आणखी कुठे वाढणार होते, देव जाणे.

माझ्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी भाऊ झाला. त्याचं बारशाचं टोपडं वर्ष उलटलं तरी त्याला होतच होतं. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "बाई, तुह्या हातचं टोपडं लय दिवस पुरलं." पण लेकरू अजून मान धरत नव्हतं. शेवटी त्याला अकोल्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फितीने डोकं मोजलं, पुन्हा मोजलं. म्हणाले, "मेंदूची वाढ पोटातच अपुरी राहिली आहे. डोकं फारसं वाढणार नाही. चालणं-बोलणं उशिरा येईल, आलं तर."

"काऊन नाही वाढन?" माय म्हणाली. "लेकरूच हाय ना ते!"

आणि ती हट्टालाच पेटली. दर दिवाळीला आधीच्याहून बोटभर मोठं टोपडं शिवायची आणि पेटीत ठेवायची. बाबा म्हणायचे, "दुकान टाकतं का आता?" ती हसायची. त्या हसण्याची मला भीती वाटायची. भाऊ उशिरा का होईना भिंत धरून चालायला लागला, बाबांच्या टोपीवर झडप घालायला लागला. पण डोक्यावर अजून बारशानंतरचं दुसरंच टोपडं, आणि पेटी भरत चाललेली.

लग्नानंतर पहिल्यांदा लेकीला घेऊन मी दिवाळीला माहेरी जानेफळला आले. रांगत्या पोरीच्या डोक्याला मायने भावाच्या डोक्यावरचं टोपडं लावून पाहिलं. ते कानांवरच अडलं. माय ते हातात घेऊन बसून राहिली. मग उठली, पेटी उघडली आणि सगळी टोपडी माझ्या ओटीत टाकली.

"ने. तुह्या पोरीले होतीन."

मला रडू आलं. तेवढ्यात भावाने बाबांची टोपी पळवून घातली. ती थेट नाकावर उतरली आणि तो टोपीच्या आत खिदळायला लागला. मायही हसली. मग तिने फीत काढली आणि त्याच्या डोक्याभोवती धरली. अकोल्यानंतर त्या डोक्याला फीत लागली ती तेव्हाच.

बाबांच्या जुन्या धोतराची पांढरी टोपी तिने संध्याकाळपर्यंत शिवली. ती घालून भाऊ बाबांचं बोट धरून बाजारात गेला. मायच्या हातची बरोबर मापाची अशी ती एकच.