टूल वर उचलणारी ओळ

मधू गेल्याचा फोन आला तो एकनाथचा, आमच्या मशीनवरच्या ऑपरेटरचा. मी खोपोलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका तुकड्याचं माप घेत होतो. "मधूभाऊ गेलं," एवढंच तो म्हणाला. मधूच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचला तो एकनाथच. मधू जाऊन आता दीड महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. मधू माझा मित्र होता, माझा त्याच्यावर राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

आम्ही दोघंही दहिवलीचे. त्याच्या मोटारसायकलवरून पळसदरीमार्गे कामाला जायचो, आणि वाटेत तो मागे वळून बोलायचा म्हणून मी त्याला रोज शिव्या घालायचो. तो धातू कापणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या पाच अक्षांच्या सीएनसी मशीनचे प्रोग्राम करायचा. पाहुण्यांना तो काम फार झकास समजावून सांगे. संगणकावर तुकड्याचं चित्र काढायचं, टूलने, म्हणजे कापणाऱ्या हत्याराने, कुठून कुठे जायचं ती वाट ठरवायची, आणि मग पोस्ट नावाचा एक छोटा प्रोग्राम ती वाट मशीनच्या भाषेत उतरवतो. थोडक्यात दुभाष्या. आमचा हा दुभाष्या एका ठिकाणी एक वाक्य गाळायचा. टूल तेच ठेवून तुकडा नुसता कलता करायचा असेल, तर आधी टूल वर उचलायला हवं. आमची पोस्ट ते सांगायचीच नाही. पडद्यावर मात्र सगळं आलबेल, कारण पडदा दाखवतो ते भाषांतराच्या आधीचं.

मधूला ही खोट मशीन आल्या आल्याच कळली होती. ती दुरुस्त करायची सोडून तो प्रत्येक प्रोग्राम उघडून ती ओळ हाताने घालायचा. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, तोंडाने पुटपुटणं चालू. मग एकनाथशेजारी उभा राहून पहिला तुकडा निघेपर्यंत हलायचा नाही. मालक खूश. मधूच्या हाताखालून गेलेला प्रोग्राम म्हणजे काळजीच नाही, असं सगळे म्हणायचे. "अरे, एकदाच नीट करून टाक ना ते," मी कितीदा सांगितलं असेल. "करतो रं," तो म्हणायचा, "घाई कसली?"

मग त्याचं पोट दुखायला लागलं. तपासण्यांसाठी पनवेलच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यातल्याच एका दिवशी माल पाठवायची घाई होती, म्हणून नेरळहून येणाऱ्या प्राचीने, आमच्या नव्या प्रोग्रामर मुलीने, प्रोग्राम काढून दिला. पडद्यावर तिने दोनदा तपासला होता. त्या गाळलेल्या ओळीबद्दल मधूने तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. टूल खाचेत असतानाच तुकडा कलला. आत नीट दिसावं म्हणून मशीनच्या दाराचा, ते उघडताच मशीन थांबवणारा स्विच कधीचा बांधून टाकलेला होता, आणि एकनाथ वाकून बघत होता. टूल फुटलं, त्याची कपची एकनाथच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळा वाचला नाही. प्राचीने महिन्याभरात नोकरी सोडली. तिचा काडीचाही दोष नव्हता हो.

हे सांगायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा मधूच्या पोटातली गाठ नक्की झालेली होती. मी पुरतं बोललोही नव्हतो, तोच त्याने विचारलं, "ती ओळ नव्हती ना?" "नव्हती," मी म्हटलं. छताकडे बघत तो म्हणाला, "पोस्ट नीट करून दिली असती, तर मला कोण विचारणार होतं रं? पन्नाशी उलटलेला माणूस मी." मला त्याची कीवही आली आणि त्याच्या मुस्काटात मारावंसंही वाटलं. पाणी आणतो म्हणून मी बाहेर पडलो, तो तसाच घरी आलो.

त्याला घरी आणल्यावर एकनाथ शहाळं घेऊन भेटायला आला होता. मधूने भिंतीकडे तोंड केलं आणि झोपेचं सोंग घेतलं. एकनाथ शेजारच्या खुर्चीत बसून राहिला. निघताना अंगणात मला म्हणाला, "झोपलं नाय ते. कळतं मला. पन आता काय बोलायचं आमी?" त्यानंतर मधू फार दिवस राहिला नाही.

तेरावं झालं आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर आला. त्याने पोस्ट उघडली, खाली-वर केली, काहीतरी टाकलं आणि मशीन चालवून दाखवलं. टूल शहाण्यासारखं वर गेलं, मग तुकडा कलला. त्याच्यासाठी मागवलेला चहा अजून यायचा होता.

त्यानंतर पंधरवड्याने मी मधूच्या बायकोकडे, सुनंदावहिनींकडे गेलो. मधूच्या खोलीत त्याचा घरचा संगणक आहे, त्यावर वहिनींनी जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलंय. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"भावोजी, ते मशीनचं झालं का हो नीट?"

"झालं."

"शेवटी शेवटी रोज म्हणायचे, ते फार अवघड काम हाय सुनंदा, म्हणून राहिलं माझ्याकडनं. एकनाथभावोजींच्या डोळ्याचं मनात घेऊनच गेले बघा. लई वेळ लागला का त्या लोकांना?"

मी पेला खाली ठेवला.

"लागला, वहिनी. दोघं जण आठवडाभर बसले होते."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. "मंग? ह्यांना एकट्याला कसं झालं असतं ते..."