माधुरीची फुंकर

माधुरी खोत विक्रोळीच्या चाळीत राहते, घरी बसून ब्लाउज शिवते. ओळख झाली ती तिच्या प्रांजलमुळे. आठ महिन्यांची पोर, दूध नीट उतरायचं नाही, सारखे ठसके. मी मुलुंडला मुलांच्या हॉस्पिटलात अन्ननलिकेची तपासणी करते. नाकातून बारीक नळी सोडायची. बाळानं गिळलं की अन्ननलिकेच्या जोराएवढी रंगीत लाट पडद्यावर उठते. प्रांजलची लाट अगदी बारीक आली.

"म्हणजे वाईट ना?" माधुरीनं विचारलं.

आमच्या डॉक्टर ऋतिका मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू? आमच्याकडे मापं आहेत ती मोठ्या माणसांची. एवढ्या बाळांचं नॉर्मल किती, तेच आता ठरवतोय. त्याला धडधाकट बाळं हवीत." तोवर प्रांजलला पोटात नळी घालून दूध द्यायचं की नाही, ते अडलेलं.

आता सांगा, चांगल्या पोराच्या नाकात नळी कोण घालू देईल? मी तर हाकलूनच दिलं असतं. पण ही बया दारोदार फिरली आणि आयांना बाळांसकट घेऊन आली. बाळाच्या तोंडावर हलकी फुंकर मारली की ते पटकन गिळतं. मलाही येतं ते, पण माझ्या फुंकरीनं पोरं भोकाड पसरायची. माधुरी वाकायची, "गिळ गो माझ्या बाय" म्हणायची आणि हळूच फुंकायची. दुपारची अर्धवट काळोखी खोली, एसीची घरघर, पेंगुळलेली बाळं. लाट उठायची, खाली सरकत सरकत विरून जायची. वाटायचं, अख्खी खोलीच कुठेतरी तरंगत चाललीय. बाहेर किती वाजले, कोणाला पडलेली!

एकदा पडद्याकडे बघत ती म्हणाली, "ताई, मला वाटतं ह्यांच्याही लाटा बारीकच याव्यात. म्हणजे माझी प्रांजल ह्यांच्यातलीच ठरेल. कसलं मेलं मन हे माझं!"

"गप गं," मी म्हटलं.

लाटा मोठ्याच आल्या, तोवर तपासलेल्या सगळ्यांच्या. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, प्रांजल त्या मापात बसत नाही, नळी घालावी लागेल, वजन धरलं की पुन्हा बघू. माधुरी माझ्या खांद्यावर ढसाढसा रडली. मीही रडले, लपवू कशाला?

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीच्या, संघमित्राच्या बाळाची पाळी होती. माधुरी येईल असं मी धरलंच नव्हतं. आली. डोळे सुजलेले.

"तू कशाला आलीस गं?"

"येते म्हणून सांगितलं होतं तिला," ती खेकसली.

वाकली, फुंकर मारली. पडद्यावर भलीमोठी लाट उठली. माधुरी बघतच राहिली. "वा रे माझ्या राजा," म्हणाली, आणि रडत रडत तिनं त्याच्या टाळूचा पापा घेतला.