पाडव्याची म्हैस आणि हललेला फोटो

आज दिवाळीचा पाडवा. आमच्याकडच्या रिवाजापरमाणं रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलीमागं गल्लीतनं पळाल्या, आणि त्या धुराच्या वासानं माझं मन मागं गेलं.

काही वर्सांमागं असाच पाडवा होता. माझ्या पोरीनं नवा छोटा डिजिटल कॅमेरा हातात दिला. म्हणाली, "आबा, बटण आधी अर्धं दाबून धरा, कोपरं अंगाला लावा. काकांनी म्हैस दोन पायांवर उभी केली की मग पुरतं दाबा."

"मला शिकवतीस व्हय? गप बस!"

माझ्या थोरल्या भावानं, दादानं, हाक दिली. म्हैस मागच्या दोन पायांवर उभी राहिली, आणि दादा लहान पोरागत हसला. मी बटण हाणलं. कॅमेरा जरा थांबला, मग वाजला. फोटोत आली शेपटी, धूळ आणि दादाचा हललेला खांदा.

"दादा, परत उभी कर की!"

"दमली रं ती. पुढच्या पाडव्याला काढ."

पुढच्या पाडव्याला दादा नव्हता. भिंतीवर हार घातलाय तो त्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोला. त्यात तो पोलिसानं धरून आणल्यागत बघतोय. येणारं पावणं विचारतात, "लई रागीट होतं काय हो?"

मी न्हाई म्हणतो. पण दाखवायला काय हाय माझ्याकडं?