गोलकीपरचे गोल

डुलुथ गावातल्या टेकडीवरच्या आमच्या रस्त्यात डेल हॅल्वरसनने बर्फाचं फावडं शेवटचं कधी उचललं, यावर दोन मतं आहेत. बायको त्याला सोडून ॲरिझोनाला गेली त्या हिवाळ्यात, असं समोरचे सांगतात. लग्नाआधी, असं बायको सांगायची.

बर्फ काढायला ट्रकवाला, हिरवळ कापायला रस नावाचा माणूस, कुत्रा फिरवायला कॉलेजातली एक मुलगी. बिलं, ईमेल, नातेवाइकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा हे सगळं टॅमसिन नावाची बाई कुठूनशी कॉम्प्युटरवरून निस्तरायची. कुत्रा डेललाच पाहून भुंकायचा. त्यात कुत्र्याची काही चूक नव्हती.

पण डेल आळशी नव्हता. तो विम्याच्या कचेरीत मरमर राबायचा, आणि त्याचा हिशेब साधा होता: क्षुल्लक कामं दुसऱ्याच्या गळ्यात घातली की वेळ उरतो आणि उरलेला वेळ ब्रिटाचा. ब्रिटा त्याची एकुलती एक मुलगी. शाळेचं शेवटचं वर्ष, पुढच्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार. त्याआधीचा हा एक हिवाळा त्याला तिच्याबरोबर काढायचा होता. रविवारी दोन ते चार, कॅलेंडरवर निळ्या रंगात: ब्रिटा.

ब्रिटा शाळेच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर. सरावाला बर्फाची रिंक सकाळी सहाला मिळायची, म्हणजे सव्वापाचला घर सोडायचं. हे पोचवणं-आणणं डेलने लोर्ना पुक्किलाकडे दिलं. लोर्ना शेजारीच राहायची, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली.

"अरे डेल, तूच ने की. पोरगी गाडीत चांगली बोलते," ती म्हणाली होती.

"गाडी चालवणं म्हणजे काही एकत्र वेळ घालवणं नव्हे, लोर्ना."

"बरं बाबा. मग मी तीस वर्षं काय करत होते कोण जाणे."

रविवारी दोनला डेल फोन बंद करून सोफ्यावर बसायचा. आठवडाभराची दमलेली ब्रिटा दुसऱ्या टोकाला पाय पोटाशी घेऊन बसायची.

"कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

"काही विशेष?"

"नाही, बाबा."

तीनच्या आत तिला झोप लागायची. तो चारपर्यंत बसून राहायचा, वेळ काढून ठेवलेला म्हणून. विशेष जे काय होतं ते सकाळीच लोर्नाच्या गाडीत होऊन गेलेलं असायचं, हॉकीच्या बॅगांच्या कुबट वासात, वेलदोड्याचा पाव खाता खाता: कोणत्या मुलाने बोलणं टाकलं, उजव्या बाजूने गोलवर येणाऱ्या चकतीची भीती का वाटते, आईचा फोन का उचलावासा वाटत नाही.

फेब्रुवारीत घरच्या रिंकवरचा शेवटचा सामना आला. त्या दिवशी शाळा सोडणाऱ्या मुली घरच्यांचा हात धरून बर्फावर येतात, हातातलं फूल त्यांना देतात आणि आईबापांनी लिहून दिलेल्या चार ओळी भोंग्यावरून वाचल्या जातात. आपल्याबरोबर कोण येणार, ती नावं मुलींनीच द्यायची. ब्रिटाने दोन दिली होती. डाव्या हाताला डेल, नवा कोट घालून. उजव्या हाताला लोर्ना, बस चालवायच्या जुन्याच जाकिटात.

त्या चार ओळी मागणारं शाळेचं पत्र ईमेलने आलं होतं, आणि ईमेल टॅमसिनकडे.

"ब्रिटा, तू मारलेला प्रत्येक गोल आमच्या घराचा अभिमान आहे," भोंगा म्हणाला. "पुढेही अशीच गोल मारत राहा."

गोलकीपर. सहा वर्षं.

आधी संघातली एक मुलगी हसली, मग बाकांवरून हशा आला. मोठा नव्हता, दिलगीर होता, आणि तेच वाईट. डेलला ती गोलकीपर आहे हे पक्कं ठाऊक होतं. तिच्या हेल्मेटच्या जाळीवर ओरखडे किती हेही त्याने सांगितलं असतं. पण हे आता सांगायचं कोणाला? ब्रिटाने फूल लोर्नाच्या हातात दिलं. लोर्नाने ते डेलकडे सरकवलं, तसं ब्रिटाने शांतपणे तिचं मनगट धरलं.

"तुलाच आहे ते."

बाहेर गाडीपाशी डेल म्हणाला, "मी वाचलं नव्हतं गं ते."

"चांगलं लिहिलंय," ब्रिटा म्हणाली. "तिला माझे आभार कळव."

आणि बॅग घेऊन लोर्नाच्या गाडीत बसली.

मग मात्र डेल हादरला. ऑगस्टचे तीन दिवस त्याने पुसून कोरे केले. कॉलेज पाच तासांवर, मॅडिसनजवळ. तो स्वतः नेणार होता, खोके स्वतः उचलणार होता. टॅमसिनला बजावलं, यात हात घालायचा नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी जेवताना ब्रिटा म्हणाली, "ते पोचवायचं काम मी लोर्नाला दिलंय."

"अगं, पण मी सुट्टी घेतलीय."

"क्षुल्लक काम आहे, बाबा. नुसती गाडी चालवायचीय."

आवाजात राग नव्हता. शिकवलेला धडा पोरगी नीट म्हणून दाखवत होती, एवढंच.

सकाळी सातला लोर्नाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. डेल अंगणातच उभा राहिला. हाताला काहीतरी हवं म्हणून गॅरेज उघडलं, पण आत गवत कापायचं यंत्र कुठलं असायला? नऊला रस हिरवळ कापायला आला.

"आज राहू दे. मी कापतो," डेल म्हणाला.

"कशाने?" रसने विचारलं. त्याने आपलं यंत्र सुरू केलं. कडेकडेने आत येत येत तो डेलच्या बुटांपाशी थांबला.

"जरा बाजूला होता का, साहेब? एवढंच राहिलंय."