उरलेले तास

शाळेतली पोरं तिला पीपबाई म्हणत. जिन्याखालच्या खोलीत ती त्यांच्या कानांना हेडफोन लावी, पीप असा आवाज सोडी आणि ऐकू आलं की हात वर करायला सांगे, म्हणून पीपबाई. या नावाचं तिला काही वाटत नसे. तिच्या जिवाला घोर होता तो तात्पुरत्या परवान्याचा. पदवी झाली, लेखी परीक्षाही पार पडली, तरी परवानाधारक माणसाच्या नजरेखाली ठरलेले तास भरल्याशिवाय शाळेत एकटीने मुलांचे कान तपासायची मुभा नाही, असा नियम. मुदतीत तास भरले नाहीत तर पदवी भिंतीवर टांगून गप्प बसायचं.

तिच्यावर नजर ठेवायला मोठ्या बाई होत्या. बाई अशा कडक की खोलीतलं घड्याळ टिकटिक करतं म्हणून आल्या दिवशीच त्यांनी त्याचा सेल काढून टाकला होता. पीपबाईला घाईची खोड. एक आवाज झाला की लगेच दुसरा. मोठ्या बाईंचं म्हणणं, मधूनमधून काहीच वाजवायचं नाही. मूल खरंच ऐकतंय की अंदाजाने हात वर करतंय, हे त्या शांततेतच कळतं. पीपबाईचं बोट बटणाकडे सरकलं की त्या मूल बसे त्या आवाजबंद बूथच्या काचेवर पेनाने दोनदा टकटक करत. म्हणजे थांब.

"तुझे तास भरल्याशिवाय मी कुठे जात नाही गं," असं त्या म्हणायच्या. आणि थोडे तास उरलेले असताना एका सकाळी झोपेतच गेल्या.

उरलेल्या तासांसाठी परवाना मंडळाने एक निरीक्षक पाठवले. मोजून मापून बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी विचित्र झालं. तपासणीच्या मधे पीपबाईने शिकवल्याप्रमाणे शांतता ठेवली, आणि आत बसलेल्या मुलाने हात वर केला. पुढच्या मुलानेही केला. दुसऱ्या दिवशी तेच. मुलांना विचारावं तर ती म्हणत, वाजलं ना. बाहेर चिटपाखरूही नव्हतं. निरीक्षकांनी सांगून टाकलं की एक तर यंत्र बिघडलंय नाहीतर तुमची पद्धत, आणि असंच चाललं तर सही होणार नाही.

पीपबाईची झोप उडाली. शांतता गाळून टाकली की प्रश्नच मिटत होता. मुलं नीट हात वर करतील, निरीक्षक खूश, परवाना पक्का.

शेवटच्या दिवशी एक मुलगी आली. शाळेची घंटासुद्धा तिला धड ऐकू येत नसे. तिचं श्रवणयंत्र या तपासणीवरूनच बसवायचं होतं. इथे चूक झाली तर पोरीला वर्षभर चुकीचा आवाज कानात घेऊन हिंडावं लागलं असतं. पीपबाईने मनातल्या मनात परवान्यावर पाणी सोडलं आणि बटणावरून बोट काढून घेतलं.

आत मुलीचा हात वर गेला.

बाहेर आल्यावर काय ऐकलंस म्हणून विचारलं, तर तिने बोट वाकवून टेबलावर दोनदा ठोकलं. पीपबाईने वळून बूथच्या काचेकडे पाहिलं. निरीक्षक मात्र वैतागून उठले, यंत्र आता मीच बघतो म्हणाले आणि स्वतः बूथमधे जाऊन हेडफोन लावून बसले. तिने आवाज सोडले, त्यांनी बरोबर हात वर केला. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

त्यांचा हात हळूहळू वर गेला. काचेतून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने दोन्ही तळवे दाखवले.

ते बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. "काच कोणी वाजवली?"

तिने मोठ्या बाईंच्या टकटकीचं सगळं सांगून टाकलं. निरीक्षक बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. मग म्हणाले, "थांब म्हणतायत ना? मग थांबा."

मुलीला पुन्हा बसवलं. तिचा हात वर गेला की पीपबाई तो आपोआप खाली येईपर्यंत थांबे, थोडी आणखी थांबे, मगच आवाज सोडी. इतकी सावकाश तपासणी तिने जन्मात केली नव्हती. मुलीला किती ऐकू येतं ते स्वच्छ कळलं. निरीक्षकांनी सही केली, तास भरले असं सांगितलं आणि मागे वळून न बघता जिना गाठला.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी, जुन्या रिवाजाप्रमाणे, ती यंत्र तपासायला स्वतः बूथमधे बसली. दार ओढून घेतलं, हेडफोन लावले. यंत्र खरंच बिघडलेलं निघेल या भीतीने या आठवड्यात आत बसायचा तिला धीरच झाला नव्हता. आता ती कान देऊन बसली. काहीच वाजलं नाही. आणखी थांबली, बाईंनी शिकवलं होतं तितकं, त्याहून जास्त. काचेपलीकडे बाईंची रिकामी खुर्ची होती आणि आत नुसता तिचा श्वास.

तास भरले होते, बाई गेल्या होत्या. तिला रडू फुटलं. तरीही तिने हात वर केला.