कृतिका गायकरचे घाट

सरळगाव मागे टाकून टोकावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी फारशी वर्दळ नसते. म्हणूनच कृतिका आणि हेमाताई सरावाला तिकडे जायच्या. माळशेज घाट चढायचा, वर चहा घ्यायचा आणि उतरून परत यायचं. ऑगस्टमध्ये मनाली ते लेह सायकलने जायचं ठरलं होतं आणि त्यासाठी माळशेजशिवाय जवळ दुसरा मोठा चढ नव्हता. ठाण्याच्या येऊर डोंगरातला चढ पायाखालचा झाला होता.

हेमाताई दामले ठाण्याच्या नौपाड्यातल्या. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, वयाने कृतिकाच्या आईच्या बरोबरीच्या. कृतिका डोंबिवलीजवळच्या आयरे गावची, आगरी घरातली. बापाच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या, बाप गेला, आणि घर थोरला भाऊ दिपेश चालवू लागला. बांधकामांना रेती-विटा पुरवायचा त्याचा धंदा. गावात त्याच्या वाटेला कोणी जात नसे. एकदा हॉटेलात कोणी बहिणीबद्दल काही बोललं, तर दिपेशने त्याचं डोकं टेबलावर आपटलं होतं. कृतिकाला तेव्हा ते आवडलं होतं. तिची रोड सायकलही त्यानेच आणून दिलेली. "आयऱ्यान कोनाकड नाय अशी सायकल," असं तो सगळ्यांना सांगत फिरला होता.

त्या सकाळी पांढरा पिकअप मागून आला तेव्हा हेमाताई बऱ्याच पुढे होत्या. गाडी कृतिकाच्या बाजूला आली आणि तिथेच तिच्या वेगाने चालू लागली. आत तिघं होते. खिडकीतल्याने हात बाहेर काढून तिच्या पाठीवर जोरात थाप मारली. सायकल हेलकावली. कृतिकाने शिवी घातली आणि पाण्याची बाटली फेकून मारली. ती काचेवर लागली.

मग पिकअप तिच्या अंगावर आला.

ती रस्त्याकडेच्या खडीत खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. उठायच्या आत दोघं खाली उतरले होते. एकाने चाकावर उड्या मारून त्याच्या तारा मोडल्या. दुसरा, कानात बाळी असलेला, तिच्या बरगड्यांत लाथा घालत होता. "बाटली मारतेस? आता मार ना. मार!" हेमाताई वळून ओरडत येताना दिसल्या तेव्हा ते गाडीत बसून निघून गेले. गाडीच्या मागे 'साईनाथ कृपा' लिहिलेलं तेवढं कृतिकाला वाचता आलं. नंबर नाही.

कॉलरबोन आणि दोन बरगड्या. पोलिसांत तक्रार झाली. तिचा जबाब घेताना दिपेश शेजारी बसून ऐकत होता. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "तू झोप. मी बगतो."

दोन आठवड्यांनी दुपारी त्याचा फोन आला. "गोडाऊनवर ये. तुना एक दाखवाचाय."

ती खांद्याला पट्टा बांधून रिक्षाने गेली. गोडाऊनच्या दारात 'साईनाथ कृपा' लिहिलेला पांढरा पिकअप उभा होता. आत विटांच्या ढिगाला टेकून एक माणूस बसवलेला होता. त्याचा चेहरा सुजून एका बाजूला गेला होता आणि उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. दिपेशच्या हातात लोखंडी सळई होती. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचे शिंतोडे होते. भाजी मार्केटमधून उचलून आणला, असं त्याने सांगितलं.

"बग नीट. यो का त्यो?"

कृतिका वाकली. माणसाचं वय पन्नाशीच्या आसपास होतं. मिशी पांढरी. कानाला भोकसुद्धा नव्हतं. तो पुटपुटत होता, "ताई, मी ओतूरचा. कांदा घेऊन आलेलो. ताई, सांगा ना यांना."

"हा नाय, दादा."

"बराबर बग."

"हा नाय! तिघंपण पोरं होती. हा कोण आहे? दादा, काय केलंस तू?"

दिपेशने सळईकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. सळई त्याने विटांवर टाकली. मग तो म्हणाला, "आता झाला तो झाला. याला घाटान नेऊन सोरतो. तू घरा जा."

कृतिका गेली नाही. त्या माणसाच्या काखेत हात घालून ती त्याला ओढू लागली. तिचा खांदा पुन्हा कडकन वाजला, तिच्या तोंडून किंकाळी निघाली, तरी तिने सोडलं नाही. दिपेशने तिला मागे खेचलं. तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला, रक्त येईपर्यंत. तेव्हा तो बाजूला झाला. बाहेर थांबलेल्या रिक्षावाल्याच्या मदतीने तिने माणसाला हॉस्पिटलात पोहोचवलं. त्याचं नाव कुंडलिक डुंबरे. पोलीस आले तेव्हा तिने भावाचं नाव सांगितलं.

त्याच संध्याकाळी दिपेशला अटक झाली. कृतिका घरी आली तेव्हा आई, सखुबाई, अंगणात होती. दुरुस्त होऊन आलेली सायकल तिने आडवी पाडली होती आणि नारळ फोडायच्या कोयत्याने ती चाकं, हँडल, सीट, जे हाती लागेल ते तोडत होती. कृतिका पुढे झाली तशी आईने कोयता टाकला आणि दोन्ही मुठींनी तिच्या पट्टा बांधलेल्या खांद्यावर मारायला सुरुवात केली.

"भावाला खाल्लास! सख्ख्या भावाला खाल्लास तू! तुझ्यासाठीच केला ना त्याने?"

कृतिकाने मार खाल्ला. आईचे हात थकल्यावर तिने कपडे पिशवीत भरले आणि ठाणे गाठलं. हेमाताईंनी खोपट भागात, एसटी डेपोच्या मागे, तिला खोली बघून दिली. एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम ती आधीपासून करत होती, ते चालू राहिलं. त्या वर्षी लेह राहिलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये दोघी गेल्या, कृतिका हप्त्याने घेतलेल्या नव्या सायकलवर. दिपेशला जामीन मिळाला नव्हता. कुंडलिक कुबडी घेऊन चालू लागला होता. खटला दिवाळीनंतर उभा राहणार होता आणि मुख्य साक्ष कृतिकाची होती.

मनालीपासून रोहतांग चढताना कृतिकाला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. माळशेज एका दमात चढणारी ती, इथे प्रत्येक वळणावर खाली उतरून हँडलवर डोकं टेकत होती. नाकातून रक्त आलं. हेमाताई मात्र एका लयीत पाय मारत राहिल्या. कोकसर, सिस्सू, केलाँग, जिस्पा असे मुक्काम करत त्या दारचाला पोहोचल्या. तिथून झाडं संपली. पुढे नुसता दगड, खाली भागा नदीचा राखाडी लोट, आणि वरून अधूनमधून धोंडे सुटत होते. आधी टकटक ऐकू यायची, मग एखादा दगड रस्त्यावर उडी मारून दरीत जायचा. आदल्याच दिवशी असा धोंडा एका ट्रकच्या टपातून आत गेला होता. तो ट्रक वाकलेल्या टपासकट ढाब्यासमोर उभा असलेला त्यांनी पाहिला.

झिंगझिंगबारच्या अलीकडे एक टॅक्सी-जीप मागून आली. हेमाताई पुढे, कृतिका थोडी मागे. जीप कृतिकाच्या बाजूने सुसाट गेली, अचानक डावीकडे वळली आणि तिचा आरसा हेमाताईंच्या कोपरावर आदळला. हेमाताई सायकलसकट दरीच्या कडेला फेकल्या गेल्या. चाक हवेत फिरत राहिलं. जीप थांबली नाही.

कृतिका त्यांच्यापाशी पोहोचली तेव्हा त्या उठून बसत होत्या. "मी ठीक आहे. कृतिका, थांब. अगं, थांब!"

ती थांबली नाही. पुढे बर्फाच्या पाण्याचा ओढा रस्त्यावरून वाहत होता आणि दुपारच्या उन्हाने तो फुगला होता. गाड्या रांगेत अडकल्या होत्या आणि ती जीप सगळ्यात मागे होती. कृतिकाने सायकल फेकली, हवा भरायचा पंप काढला, दार उघडून ड्रायव्हरला कॉलर धरून बाहेर ओढलं. काही विचारलं नाही. पहिला फटका नाकावर बसला. दुसरा भुवईवर. तो खाली पडला तशी तिने त्याच्या बरगड्यांत लाथ घातली, आणि आणखी एक. जीपमधल्या प्रवाशांनी तिला मागून धरलं तेव्हा ती ओरडत होती, "मार ना आता! मार!"

ते शब्द तोंडातून निघाले आणि तिला ते कुठे ऐकले ते आठवलं.

ड्रायव्हर हाताने नाक दाबून उठला. तिथल्याच लाहौल खोऱ्यातला माणूस, केस पिकलेले. त्याने बोट जीपकडे केलं. समोरची काच त्याच्या सीटच्या बरोबर पुढे फुटून आत आली होती. सीटवर, पायापाशी काचेचा चुरा, आणि त्यात नारळाएवढा धोंडा. त्याच्या कपाळात आधीच काचा घुसलेल्या होत्या.

"पत्थर आया, बहनजी," तो म्हणाला. "आंखों में कांच था। मैंने किसी को देखा ही नहीं। ऊपर से और पत्थर आ रहे थे, रुकता कैसे?"

कृतिकाच्या हातातून पंप पडला. "भैया, माफ करो. मला वाटलं..."

तो जवळ आला आणि त्याने तिच्या कानाखाली एक वाजवली. ती गुडघ्यांवर बसली. त्याने दुसऱ्यांदा हात उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि खाली घेतला. मग ओढ्याकाठी जाऊन तोंड धुऊ लागला. कृतिका त्याच्या शेजारी जाऊन बसली. काचा काढायला तिने हात पुढे केला तेव्हा आधी त्याने तो झटकला. नंतर झटकला नाही. लॅबमधल्या सवयीने तिचे हात स्थिर होते. त्याचं नाव नोरबू.

हेमाताई सायकल ढकलत आल्या. त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले, प्रवाशांकडून ऐकून घेतलं.

"दिवाळीनंतर कोर्टात काय सांगणार आहेस तू?" त्यांनी विचारलं. "सळईऐवजी पंप होता म्हणून?"

कृतिका नोरबूच्या कपाळातली शेवटची काच काढत राहिली.

बारालाचा खिंड चढताना हेमाताई तिच्याशी बोलल्या नाहीत. खिंडीत वारा एवढा होता की सायकली धरून चालावं लागलं. सर्चूच्या तंबूतही त्यांनी पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी गाटा लूप्सची एकावर एक रचलेली वळणं चढता चढता कृतिका रस्त्यातच रडायला लागली आणि तरीही पाय मारत राहिली. हेमाताई तिच्या बरोबरीने आल्या.

"मला तुझी भीती वाटली त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मुलांना शिकवण्यात जन्म गेला माझा, कोणाची भीती वाटली नव्हती. तू त्याला मारूनच टाकलं असतंस."

"हो."

"हे लपवू नकोस. एवढंच सांगते."

पांग, मोरे मैदान, तंगलंग ला ही शेवटची खिंड. त्या लेहला पोहोचल्या. तिथल्या बाजारात कोणी टाळ्या वाजवल्या तेव्हा कृतिकाने मान खाली घातली.

कल्याणच्या कोर्टात तिने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. दिपेशच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या भावाने हे तुमच्यावरच्या प्रेमापोटी केलं, हे खरं आहे?" ती म्हणाली, "खरं आहे. आणि त्या माणसाचा पाय मोडला, तेपण खरं आहे. मीपण एका माणसाला असंच मारलंय. त्याचापण काही दोष नव्हता." न्यायाधीशांनी तिला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं. दिपेश आरोपीच्या पिंजऱ्यातून तिच्याकडे बघत राहिला. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. माळशेजच्या रस्त्यावरच्या त्या तिघांचा पत्ता आजवर लागलेला नाही.

निकालाच्या दिवशी बाहेरच्या जिन्यात सखुबाईने चप्पल काढली आणि लेकीच्या तोंडावर मारली. लोक थांबून बघू लागले. तिने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा कृतिकाने तो मनगटाशी पकडला. आई सुटायची धडपड करत राहिली, शिव्या देत राहिली, आणि मग लेकीच्या त्याच हाताच्या आधाराने पायरीवर बसली.

कृतिकाने चप्पल तिच्या पायात घातली आणि रिक्षा केली. दोघी आयऱ्याला आल्या. दारात पोहोचल्यावर सखुबाईने कुलूप उघडलं आणि मागे न बघता म्हणाली, "सकालधरना चूल नाय पेटवली मी."

"सरक बाजूला," कृतिका म्हणाली, "मी बघते."