सुनंदाचं डेंड्रोबियम

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही, आणि जिला माहीत असायला हवं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

साताऱ्यात आमच्या कॉलनीत मला 'ऑर्किडवाल्या काकू' म्हणतात. गॅलरीभर टांगलेल्या कुंड्या, वर हिरवी शेडनेट, कोपऱ्यात कोळसा आणि नारळाच्या सोडणांचं पोतं. कुणी नर्सरीतून हौसेनं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आणतं, महिन्याभरात ते मान टाकतं, की कुंडी घेऊन माझ्या दारात. मुळं बघा, मी सांगते. हिरवी असली तर पाणी पोचलंय, पांढुरकी असली तर तहान लागलीय, तपकिरी आणि बुळबुळीत झाली असतील तर कुजली. सगळ्यांना शिकवते, फुकट शिकवते — आणि त्याचा मला केवढा तो तोरा!

म्हणजे बघा, नजरचूक झाली असं म्हणायची सोयही मला नाही. मला सगळं कळत होतं.

माझा धाकटा दीर फौजेत होता. आसामात पोस्टिंग असताना सुट्टीवर येताना त्यानं तिथल्या बाजारातून एक ऑर्किड आणलं. ट्रंकेत, ओल्या बनियनमध्ये गुंडाळून. दिलं कुणाला? बायकोला, सुनंदाला, गावाकडं कडेगावात. फुलांचं वेड कुणाला आहे हे सगळ्या भावकीला ठाऊक असताना! माझ्या नवऱ्यानं मला मागितल्याशिवाय कधी साधा गजरा आणला नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतेय.

सुनंदानं ते उसाच्या चिपाडात बसवलं आणि गोठ्याच्या वळचणीला टांगलं. मी तेव्हा हसले होते. पण तिथल्या ओलसर उबेत ते असं फोफावलं, की दिवाळीला गेले तेव्हा बघतच राहिले — करंगळीएवढ्या जाड, लांबच लांब कांड्या खाली लोंबत होत्या, त्यांना उसासारखी पेरं. दीर फोनवर आधी झाडाची खबर घ्यायचा, फूल आलं की फोटो धाड म्हणायचा. सुनंदा लाजत लाजत मला हे सांगायची. आणि मी — जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला.

थंडी पडली तशी त्याची पानं पिवळी होऊन गळायला लागली. एकही राहिलं नाही. घाबरून सुनंदा ते पिशवीत घालून एसटीनं माझ्याकडे घेऊन आली. "आवं ताई, गेलं का हो ह्ये? बघा की जरा."

मी नखानं कांडी खरवडली. आत हिरवीगार. मुळांची टोकंही जिवंत. हे डेंड्रोबियम, आणि डेंड्रोबियमच्या काही जाती थंडीत पानं टाकतात. त्यांचं पाणी तोडायचं, उजेडात ठेवायचं आणि गप्प बसायचं — मग उघड्या कांड्यांवर फुलं येतात. सुनंदाच्या माहेरी डाळिंबाची बाग आहे. बहर धरण्याआधी पाणी तोडून बागेला ताण देतात, पानगळ करतात, हे ती पोरवयापासून बघत आलेली. "ताण दे" एवढंच मी बोलले असते, तर पुढचं तिला समजवावंही लागलं नसतं.

मी म्हणाले, "मेलं गं. पाणी जास्त झालं तुझ्याकडून. ठेव इथंच, मी टाकते."

'तुझ्याकडून' — हे जोडायची काय गरज होती? झाड तर नाहीतरी मला मिळतच होतं. पण तेवढ्यानं माझं भागत नव्हतं. तिनं माझ्याच घरातून नवऱ्याला फोन लावला. एक झाड सांभाळता आलं नाही तुला, असं तो म्हणाला. शेजारच्या खुर्चीत बसून मी ते ऐकलं.

फाल्गुनात झाड फुललं. फिकट जांभळी फुलं, कांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुष्पप्रदर्शनात पहिलं बक्षीस. व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवताना मी सुनंदाचं आणि दिराचं नाव वगळलं — चष्मा लावून, सेटिंगमध्ये जाऊन, शांतपणे. वाईट काम करताना हात थरथरतात म्हणे. माझे नाही थरथरले.

पुढच्या वर्षी सुनंदाला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात मूल गेलं. कराडच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते. छताकडे बघत ती म्हणाली, "माज्या हातात काय जगतच न्हाई, ताई. ते झाड बी मीच मारलं."

तेव्हा ते झाड माझ्या गॅलरीत नवे कोंब काढत होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच! मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, असं बोलू नये. दवाखान्यातल्या बायकांना वाटलं, मोठ्या जावेची केवढी ही माया.

नंतर तिला मुलगी झाली, धडधाकट. पण लेकीला न्हाऊ घालायला सुनंदा शेजारणीला बोलवायची. स्वतः हात लावायला भ्यायची. सासूबाईंना तो आळस वाटायचा, चारचौघांत त्या तसं बोलूनही दाखवायच्या. मला खरं कारण ठाऊक होतं. मी सासूबाईंच्या बोलण्यावर मान डोलवायची.

गेल्या फाल्गुनात ती लेकीला घेऊन साताऱ्याला आली. झाड ऐन फुलात होतं. ती बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. ओळखते की काय, अशी भीती वाटली, आणि खरं सांगू? ओळखू दे एकदाचं, असंही वाटून गेलं. पण ओळखणार कशी? फुललेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लक्षात राहिल्या होत्या त्या वाळक्या काड्या. "लय देखणं हाय," एवढंच म्हणाली.

एक फुटवा काढून देते, घेऊन जा, मी म्हणाले. तिचंच तिला द्यायला निघाले होते — तेही देणगी दिल्यासारखं.

तिनं दोन्ही हात पटकन मागं घेतले. "नको ताई. माज्याकडं मरंल ते. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मी "बरं" म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.